टकळीची शिक्षा

कुणी माझ्यापुढे शाळेच्या शिस्तीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून ते मुद्दाम काढतात. मुलगी म्हणते, तुमच्या काळात कशी शिस्त होती ना आई, आणि गालातल्या गालात हसते. मग मी सुरू होते आणि तव्यावरची पोळी करपते. एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे पोळ्या तरी वाचतील.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते तेव्हाची. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणीच्या जंगलापासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. तिथल्या काही लोकांशी माझं अजून येणं-जाणं आहे आणि काहींशी मी अजून बोलत नाही.

शाळा खाजगी संस्थेची होती. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावचे जुने मालगुजार. मालगुजारी कायद्याने गेली होती, मालगुजार कुठे गेले नव्हते. त्यांनी शाळेला जागा दिली, अंगात खादी घातली आणि सेवाग्रामला प्रार्थनेला बसून आले, तेव्हापासून गावात अहिंसेचा मक्ता त्यांच्याकडेच होता. रोज प्रार्थनेनंतरचा पहिला तास सूतकताईचा. प्रत्येकाच्या दप्तरात टकळी आणि कापसाचे पेळू असलेच पाहिजेत. सूत काढताना बोलायचं नाही, कारण अध्यक्षांच्या भाषेत तो यज्ञ होता. काढलेल्या सुताच्या लट्या करून आम्ही शाळेत जमा करायचो. त्यांचे हार होऊन ते पाहुण्यांच्या गळ्यात पडायचे.

हे हार हेडमास्तरांच्या खोलीत ज्या खुंटीवर टांगलेले असत, तिच्या शेजारच्याच खुंटीवर छड्या टांगलेल्या असत. वेताच्या, तेल पाजलेल्या. मुलींना तळहातावर आणि मुलांना जिथे बसेल तिथे. ड्रिल मास्तर रोज एक छडी निवडून घ्यायचे, बाई बाजारात भेंडी निवडते तशी, वाकवून बघून. या दोन खुंट्या शेजारी शेजारी आहेत, हे त्या अख्ख्या इमारतीत कुणाच्या डोळ्यांना खुपलं नाही. खादीवाल्यांच्याही नाही. माझ्याही नाही, मला ती शाळेची सजावटच वाटायची. खुपायला बाहेरचा माणूस यावा लागला.

तो माणूस म्हणजे आमचे इंग्रजी आणि इतिहासाचे सर. नागपूरचे, वयाने तरुण, घरी हातमाग. जातीने कोष्टी, हे गावाने पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. नवीन मास्तराला आमच्या शाळेत हजेरीपट, खडू आणि छडी असं तिन्ही एकदम देत. सरांनी हजेरीपट आणि खडू टेबलावर ठेवला आणि छडी खिडकीत ठेवून दिली. उन्हाळ्यात वरचा झरोका उघडायला हात पुरत नसे, तेव्हा आम्ही मुली तीच छडी वापरायचो. तिचा दुसरा उपयोग आमच्या वर्गात वर्षभरात झाला नाही. वर्गात गोंधळ झाला की सर गप्प उभे राहत आणि आम्ही थकून थांबलो की पुढे शिकवत. ड्रिल मास्तर म्हणत, हा वर्ग हातचा गेला. खरं तर तोपर्यंत आमच्या वर्गाइतकं इंग्रजी शाळेत कुणालाच येत नव्हतं, पण ते कोण मोजतो.

शनिवारच्या शेवटच्या तासाला सर गोष्ट सांगत. नागपूरच्या सीताबर्डीवर रद्दीत मिळालेलं एक जाड इंग्रजी पुस्तक त्यांच्याजवळ होतं. त्यातली एका अमेरिकन आरमारी अधिकाऱ्याची गोष्ट त्यांनी कितीतरी शनिवार पुरवली. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता. मोठं पाणी म्हणजे पुरातली बोर नदी. त्या माणसाचं नावही आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आम्ही त्याला कप्तानच म्हणायचो.

अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती आणि तिचं आरमार लहान होतं, तेव्हाचा हा माणूस. पोरवयातच जहाजावर गेला, खालच्या कामापासून शिकत वर चढला. त्याचा धर्म बाकीच्या अधिकाऱ्यांचा धर्म नव्हता. तेवढ्यावरून ते त्याच्यासोबत जेवायला बसायला कुरकुर करत. तोही काही गरीब गाय नव्हता. भडक डोक्याचा, शब्द खाली पडू न देणारा. एकदा द्वंद्वात त्याच्या हातून समोरचा माणूस मेला. त्याच्यावर खटल्यांवर खटले झाले. सरांनी यातलं काही लपवलं नाही. उलट ते आम्हालाच विचारत, बोला, हा माणूस चांगला की वाईट? आणि वर्गात दोन तट पडत. मी कप्तानाच्या बाजूची. माझ्या बाकावरची मैत्रीण विरुद्ध बाजूची. ती म्हणायची, माणूस मारला म्हणजे मारला.

त्या काळात जहाजावर खलाशांना सर्रास फटके मारत, उघड्या पाठीवर, सगळ्यांसमोर. कप्तानाच्या हाती जहाज आलं तसे त्याने फटके बंद केले. पुढे एका तरुण खलाशाने एका अधिकाऱ्याची नक्कल करून टिंगल केली. कप्तानाने त्याला फटके मारले नाहीत. अंगाला डांबराचा एक ठिपका लावून त्यावर पोपटाची चार पिसं चिकटवली आणि थोडा वेळ उभं केलं. पोरं हसली, तोही ओशाळला, संपलं. आणि याबद्दल कप्तानावर खटला झाला. क्रूर शिक्षा दिली म्हणून. ज्यांनी आयुष्यभर माणसांच्या पाठी सोलल्या, ते न्यायाला बसले आणि त्यांनी त्याला नोकरीवरून काढलं.

वर्ग त्या दिवशी खूप हसला. ड्रिल मास्तर दारातून डोकावून गेले. मला हसू आलं नाही, मला राग आला होता. सर म्हणाले, थांबा, तो परत आला. दर वेळी काढलं आणि दर वेळी वर कुणीतरी कागद नीट वाचले आणि त्याला परत घेतलं. मला ते ऐकून बरं वाटलं. वर कुणीतरी वाचणारं असतं, हा माझा समज तेव्हाचा.

आता मैत्रिणीबद्दल. तिचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आदल्या वर्षी तिच्या घरचे सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते आणि आल्यावर घरातले देव नदीत सोडले होते. गावात त्याची चर्चा महिनोन्महिने चालली. ज्यांनी त्यांना देवळाच्या पायरीवर कधी चढू दिलं नाही, त्यांनाच त्या देवांचा जास्त पुळका आला. वर्गात अध्यक्षांचा पुतण्या होता. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर, सर वर्गात शिरत असताना, त्याने तिला मोठ्याने विचारलं, "तुह्या बापानं देव नदीत सोडले, मंग तुले काऊन ठेवलं घरी?"

तिने पुस्तक उघडलं आणि नुसतं समोर धरलं. माझ्या तोंडून शिवी निघणार होती, पण सर आत आले होते.

सरांनी त्याला उभं केलं. छडी खिडकीतच होती आणि वर्गाची नजर तिच्याकडे गेली. सरांनी छडीकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, एक लटी सूत पुरं होईपर्यंत रोज मधल्या सुट्टीत निंबाखाली टकळी घेऊन बसायचं आणि मग ती लटी स्वतःच्या हाताने नेऊन तिच्या बाकावर ठेवायचं. आणि ठेवताना चुकलो म्हणायचं. एवढंच.

पोरगा वाईट नव्हता. घरात ऐकलेलं बाहेर ओकत होता. पहिल्या दिवशी फुरंगटून बसला, मग त्याला त्या कामात गोडी लागली. यज्ञाच्या तासाला त्याचा धागा कधी सलग निघाला नव्हता, निंबाखाली निघू लागला. लटी पुरी झाली तशी त्याने ती आणून ठेवली आणि खाली मान घालून चुकलो म्हणाला. मैत्रिणीने ती उचलली. तिचं भूगोलाचं पुस्तक फाटून पानं सुटी झाली होती. त्या सुताला मेण लावून तिने ते शिवून घेतलं. माझ्या मते प्रकरण तिथे मिटलं होतं, आणि शहाण्या लोकांच्या गावात मिटलंही असतं.

पोराने घरी फुशारकी मारली की मी आता सगळ्यांत चांगलं सूत काढतो. अध्यक्ष खूश झाले. दाखव म्हणाले. तेव्हा ते सूत कुणाच्या हाती गेलं आणि कशाबद्दल गेलं हे निघालं.

पुढच्या रविवारी चौकशी बसली. सरांच्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं, उन्हाळ्यात ते कायम व्हायचे होते. त्यांची बायको बाळंतपणाला टेकली होती आणि नागपुरातले वडिलांचे माग गिरणीच्या कापडापुढे बंद पडत चालले होते. हे आम्हाला माहीत होतं, कारण लहान गावात मास्तराची चूल सुद्धा मोकळ्यावर असते. नोकरी गेली तर घर बसणार होतं.

माझी साक्ष ठेवली होती. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. आयुष्यभर साहेबांपुढे उभे राहिलेले. सकाळी केस विंचरताना मला एवढंच म्हणाले, "जेवढं इचारलं तेवढंच सांगजो. आपल्याले गावात राहाचं हाय."

प्रार्थनेच्या दालनात गादी घातली होती. मध्ये अध्यक्ष, शेजारी हेडमास्तर, आणि संस्थेचे दोन सभासद, अध्यक्षांची मान हलली की हलवणारे. आम्ही काही मुलं भिंतीशी, मैत्रीणही. सर उभे. त्यांना बसायलाही सांगितलं नाही. आरोप दोन होते. पहिला, यज्ञाची शिक्षा करून टकळीचा अपमान केला आणि विद्यार्थ्याच्या मनाला हिंसा पोचवली. दुसरा, द्वंद्वात माणूस मारणाऱ्या परदेशी लष्करी माणसाचं उदाहरण मुलांपुढे ठेवलं. पुतण्या माझ्या मैत्रिणीला काय बोलला, हा विषय यादीत कुठे नव्हता.

मला विचारलं, सरांनी टकळीची शिक्षा दिली का? मी हो म्हटलं. खरंच दिली होती. मग मी म्हटलं, पण जी, आपल्या शाळेत छडीची शिक्षा आहे, ती... हेडमास्तरांनी हात वर केला आणि म्हणाले, विचारलं तेवढंच. घरी वडील तेच, इथे हे तेच. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. छडीने कुणाला हिंसा पोचली का, हे त्या अख्ख्या रविवारी कुणी कुणाला विचारलं नाही.

सरांना विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं. आमच्या घरी पोरं भांडली की आई मारत नसे, कांड्या भरायला बसवायची. कांड्या म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. त्या भरता भरता भांडण विसरायला व्हायचं. सुताला हात लावणं आमच्याकडे कमीपणाचं नाही, त्यावर आमची पिढ्यान् पिढ्या चूल पेटली. मला त्यात अपमान दिसला नाही.

यावर अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यासाठी तो धंदा हाय मास्तर. आमच्यासाठी श्रद्धा हाय. फरक समजून घ्या."

मला आजही हे वाक्य आठवलं की मी भांडी आपटते. ज्याच्या बापाच्या हाताला सुताने घट्टे पडले त्याला सुताची श्रद्धा शिकवणार कोण, तर ज्याने आयुष्यात पुढारी आल्याशिवाय टकळी हातात धरली नाही तो. आणि दोन सभासदांनी मान हलवली.

मग अध्यक्ष मोठ्या मनाने बोलले. नोकरी घ्यायची आपली इच्छा नाही. मास्तरांनी माफी मागावी, छडी हातात घ्यावी आणि ते सूत शाळेत परत यावं. यज्ञाचं सूत भलत्या कामी लागलं, ते बरं नाही. एवढं झालं की उन्हाळ्यात कायम करून टाकू.

सरांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, टकळीबद्दल आपल्या भावना दुखावल्या असतील तर माफी मागतो. छडीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि ती त्यांना कबूलच आहे असं सगळे धरून चालले. मला त्यांचा त्या क्षणी संताप आला. माझा कप्तान असा वाकला नसता, असं मनात म्हटलं. पोटात बाळ असलेली बायको मला नव्हती, म्हणून मला तसं म्हणणं सोपं होतं.

अध्यक्ष माझ्या मैत्रिणीकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. "ते सूत उद्या आणून देजो, पोरी. काय?"

ती एक पाऊल पुढे आली. तिच्या हातात भूगोलाचं पुस्तक नव्हतं, पण तिने हात असे धरले होते की असल्यासारखं वाटावं. ती तोंड उघडणार तेवढ्यात सर बोलले.

"ते तिचं आहे," सर म्हणाले. "त्याने तिला बोलल्याची ती भरपाई आहे. मी ते परत मागणार नाही, आणि तुम्हीही मागू नका."

"मास्तर, इचार करा," अध्यक्ष म्हणाले.

"केला," सर म्हणाले. "सूत परत आलं म्हणजे तो जे बोलला ते बरोबर होतं, असं होईल."

आवाज चढवला नाही त्यांनी. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, मग तुमचं तुम्ही पाहा. सरांची नोकरी तिथे गेली. कारण लिहिलं, अहिंसेच्या तत्त्वाला बाधा. मास्तरांच्या खोलीतून सगळ्या शाळेला ते कळलं.

घरी जाताना मैत्रीण नाल्यापाशी थांबली. म्हणाली, "मले इचारलं असतं त मी देऊन टाकलं असतं. माह्यापायी गेली त्यायची नोकरी." मी तिच्यावरच ओरडले. तुझ्यापायी नाही, त्यांच्यापायी, असं म्हणाले. ती म्हणाली, ते तू म्हणतं, गाव मलेच म्हणन. आणि गावाने तसंच म्हटलं. वर्षभर बायका नळावर म्हणत राहिल्या की त्या पोरीपायी भल्या मास्तराचं वाटोळं झालं. मास्तर भले होते हे आता त्यांना आठवलं होतं.

आम्ही वाट पाहिली. कप्तान दर वेळी परत आला होता, तसे सर येतील, असं आमच्या अर्ध्या वर्गाला मनातून वाटत होतं. सरांनी वर अर्जही केला असं ऐकलं. पण कप्तानाच्या वर जे बसले होते ते त्याला न ओळखणारे होते. आमच्याकडे वर जे बसले होते ते अध्यक्षांच्या वाड्यावर हुरडा खायला येत होते.

सर गेले त्या दिवशी शाळा चालू असताना आमचा वर्गच्या वर्ग मोटार स्टँडवर गेला. कुणी ठरवलं ते आठवत नाही, उठलो आणि गेलो. त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि बांधलेली गादी होती. बायको आधीच माहेरी गेली होती. त्यांनी आम्हाला रागावून पाहिलं, परत जा म्हणाले, परीक्षा आहे म्हणाले. मैत्रीण पुढे झाली, नमस्कार केला. सरांनी तिला विचारलं, पुस्तक टिकलं का? ती हो म्हणाली. मोटार वर्ध्याकडे निघाली आणि धूळ बसेपर्यंत आम्ही तिथे होतो. अध्यक्षांचा पुतण्या आला नव्हता, पण तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. आम्ही परत आलो तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली आणि आमच्या वर्गाला रांगेत थांबवलं. ड्रिल मास्तरांनी छडी निवडून आणली होती. मुली आधी. मैत्रिणीने सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. ड्रिल मास्तरांनी दोन्ही हातांवर, मनापासून मारल्या. त्यांचा तिच्यावर राग नव्हता, कुणावरच नव्हता. ते आपलं काम करत होते. माझ्या हातांची कातडी फुगून आली आणि बोटं मिटेनात. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही.

लगेच सूतकताईचा तास. आम्ही मांडी घालून बसलो. टकळी फिरवायची तर अंगठा आणि बोट चिमटीत यावं लागतं, ते येत नव्हतं. पेळू हातातून सुटत होते. इकडे एकीचा धागा तुटायचा, तिकडे एकाचा. टकळ्या जमिनीवर पडून टण टण वाजत होत्या आणि यज्ञात बोलायचं नाही म्हणून कुणी बोलत नव्हतं.

हेडमास्तर ओळींमधून फिरत आले. माझ्यापाशी थांबले, माझा तुटलेला धागा चिमटीत धरून पाहिला. मग ड्रिल मास्तरांना बोलावून विचारलं की आज या वर्गाच्या सुताला झालं काय. ड्रिल मास्तर सरळ माणूस. म्हणाले, छड्या मारल्या जी आत्ताच, हात सुजले असतील.

हेडमास्तर नाराज झाले. आमच्या हातांकडे पाहून मान हलवली. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल.

"मंग आधी काऊन मारल्या?" ते म्हणाले. "सूत झाल्यावर मारत जा."

त्या दिवसापासून आमच्या शाळेत छडी सूतकताईचा तास संपल्यावर पडू लागली.